बाबांची दुपारची झोप

"लहानपणापासून लघवी दाबून ठेवायची सवय आहे का?" कोल्हापूरहून पंधरा दिवसांतून एकदा रत्नागिरीत येणाऱ्या किडनीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. बाहेर बाकांवर वीस-पंचवीस माणसं बसलेली, दार अर्धवट उघडं, आणि माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेला हा माणूस खणखणीत आवाजात असलं काही विचारतोय. मी म्हटलं, "सवय कसली? मला लागतच नाही."

हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं. मला त्याचा अभिमान होता. आमच्या ऑफिसातलं बायकांचं स्वच्छतागृह जिन्याखाली आहे, त्याला आतून कडी नाही, पाणी असलं तर असतं. बाकीच्या बायका त्यावरून रोज कुरकुर करतात. मी सकाळी दहाला खुर्चीत बसले की संध्याकाळी सहाला उठायची. "तू म्हणजे उंटीण आहेस," असं त्या म्हणायच्या आणि मला ते कौतुक वाटायचं. एसटीने मुंबईला जाताना बस वाटेत कुठे थांबते याची मी जन्मात चौकशी केली नाही.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद माझ्यापुढे सरकवला. उजवी किडनी सुकलेल्या आमसुलासारखी आक्रसली होती. डावी काम करत होती, पण तिच्यावरही जुने वण होते. "हे आजचं नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होत गेलंय. लघवी तुंबून उलटी वर चढत राहिली की असं होतं. तुम्हाला लागत नाही असं नाही. लागलेलं तुम्हाला कळत नाही." मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "घरी मुलं आहेत?"

मी म्हटलं, एक मुलगी आहे, बारा वर्षांची.

"तिला ही सवय लागू देऊ नका."

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, ते काही किडनीसाठी नव्हतं. उरलेली किडनी जितकी वर्षं चालायची तितकी चालेल, पुढचं पुढे बघू, असं मी तेव्हाही म्हणू शकत होते. पण हे जे काही माझ्यात आहे ते माझ्या मुलीत उतरता कामा नये, एवढं एकच मला हवं होतं. मारुती मंदिरच्या सर्कलला रिक्षा अडकली होती तेवढ्या वेळात मी ते मनाशी पक्कं केलं.

माझे बाबा पोफळीच्या पॉवरहाउसमध्ये कामाला होते. गाव देवरूखच्या बाजूचं, पण माझं लहानपण सगळं पोफळीच्या कॉलनीत गेलं. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे एवढीशी पडवी, आणि आतल्या खोलीला लागून मोरी आणि संडास. पॉवरहाउस डोंगराच्या पोटात. बाबा बसने बोगद्यातून आत जायचे आणि आठ तासांनी बाहेर यायचे, एवढंच आम्हाला माहीत. तीन आठवड्यांतला एक आठवडा थर्ड शिफ्ट असायची. त्या आठवड्यात ते सकाळी साडेआठला घरी यायचे, आंघोळ करून चार घास खाऊन आतल्या खोलीत जाऊन पडायचे, ते दुपारी चारला बाहेर यायचे.

थर्ड शिफ्ट असली की कॉलनीतल्या बायका बाहेरच्या दाराच्या कडीला फडकं गुंडाळायच्या. कडी वाजू नये म्हणून, आणि येणाऱ्याला कळावं म्हणूनही. फडकं दिसलं की शेजारीण पाय न वाजवता परत फिरायची, पोस्टमन पत्र दाराखालून सरकवायचा. सगळीकडे हीच रीत होती. पण बाकीच्या घरांत ते फडकं दारापुरतं होतं. शेजारच्या क्वार्टरमधला बाप खुशाल घोरत असायचा आणि त्याची मुलं पुढच्या खोलीत एकमेकांच्या उरावर बसलेली असायची. आमच्या आईने ते फडकं सगळ्या घरालाच गुंडाळलं.

कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. फोडणी साडेआठच्या आत, ती चर्रर्र करते म्हणून. वाटणघाटण आदल्या दिवशी करून ठेवायचं. भांडी घासायची ती चारनंतर. आम्ही भावंडं आणि आई हातांच्या खुणांनी बोलायचो. पाणी, भात, पुरे, अभ्यास, सगळ्याला खुणा होत्या. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण त्यालाही चालायला यायच्या आधी गप्प बसायला येत होतं.

आणि संडासाची टाकी. ती लोखंडी, उंचावर बसवलेली. साखळी ओढली की तिच्यात काहीतरी गडगडायचं आणि मग भिंतीतला पाइप कितीतरी वेळ कण्हत राहायचा. बाबांची खाट त्याच भिंतीला. म्हणून साडेनऊ ते चार संडासाचंच काय, मोरीचंही दार उघडायचं नाही. भाऊ मुलगा होता, तो मागच्या गटाराकडे जाऊन यायचा. मी मुलगी. दुसऱ्याच्या घरी या कामासाठी जाणं आईच्या बुद्धीला पटत नसे. शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची, आणि शाळेतल्या संडासाचं वर्णन न केलेलं बरं. मी घरी येऊन पुस्तक उघडायची आणि पायावर पाय घट्ट टाकून चार वाजायची वाट बघायची. सुरुवातीला फार त्रास व्हायचा. मग पोटात एक कळ यायची, निघून जायची आणि त्यानंतर काहीच वाटेनासं व्हायचं. सात-आठ वर्षांच्या पोरीला ती आपली हुशारी वाटते.

सुटका व्हायची ती फक्त पावसाळ्यात. पोफळीचा पाऊस पडवीच्या पत्र्यावर कोसळायला लागला की टाकीच काय, तोफ वाजली असती तरी ऐकू आली नसती. सरीचा जोर वाढला की आई मला डोळ्याने खूण करायची आणि मी पळत जायची. आजही पाऊस जोरात आला की मला लघवीला लागते. लागणं म्हणजे काय ते मला फक्त तेव्हाच कळतं. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला वेगळ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं, आणि तेही काही चुकीचं झालं नसतं.

आई दुष्ट नव्हती. तिने आम्हाला कधी चापटसुद्धा मारली नाही. ती कानाशी लागून, अगदी मायेने सांगायची, "हळू गो बाय. बाबांची झोप झाली नाय तर तिथे आत डोळा लागेल. तिथे डोळा लागला तर माणूस घरी येत नाय." तिला ती भीती खरीच होती. शेतावर वाढलेली बाई, नवरा रोज डोंगरात शिरतो याची धास्ती तिने शेवटपर्यंत घेतली. ती तिच्या एकटीच्या अंगाला पेलेना, म्हणून तिने ती आमच्यात वाटून दिली. मला राग येतो तो तिच्या भीतीचा नाही. ती भीती तिने इतक्या लहान पोरांच्या हातात दिली याचा येतो.

तिसरीत असताना एका शनिवारी माझ्या हातून स्टीलच्या डब्याचं झाकण पडलं. ते फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. मी त्याच्यावर आडवी पडले तेव्हा कुठे थांबलं. आत खाट करकरली. बाबा बाहेर आले नाहीत, काही बोललेही नाहीत. पण आईने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची बस आली, त्यातून बाकीचे सगळे उतरले, बाबा उतरले नाहीत.

आई दारात उभी राहिली. मी पायरीवर बसले. आई माझ्याशी बोलत नव्हती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. आपण बाबांना मारलं, हे मला त्या पायरीवर अगदी स्पष्ट कळलं होतं. शंका वगैरे नव्हती. आता आईला कोण सांगणार, भावाला काय सांगायचं, याचाही मी विचार करत होते. अकराच्या सुमाराला बाबा कोपऱ्यावरून चालत आले. त्यांच्या जागेवर येणारा माणूस उशिरा आला होता, एवढंच. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि ते आत जाऊन पडले. आईने कडीला फडकं गुंडाळलं. त्यानंतर आजतागायत माझ्या हातून भांडं पडलेलं नाही. सासरी सगळे म्हणतात, हिचा हात किती हलका आहे.

मोठेपणी या शिक्षणाचे मी बरेच फायदे घेतले. बाजारात मला रिक्षावाल्याला हाक मारता येत नाही; मी हात वर करून उभी राहते आणि रिक्षा निघून जातात. मागून कुणी दार आपटलं तर माझ्या तोंडचं पाणी पळतं. मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा नर्स म्हणाली, "तुम्हाला अजून वेळ आहे, तुम्ही ओरडत नाही आहात," आणि जेवायला निघून गेली. मुलगी स्ट्रेचरवरच जन्मायची बाकी राहिली होती. नंतर वॉर्डात माझं कौतुक झालं, असा पेशंट हवा म्हणून. मी चिडकी आहे, पण आवाज न करता चिडते. नवरा म्हणतो, तुझ्या चिडण्यापेक्षा एखादं ताट फेकून मारलेलं परवडलं.

भाऊ पुण्याला असतो. त्याच्या घरात टीव्ही बंद असलेला मी पाहिलेला नाही. शांतता झाली की त्याच्या छातीत धडधडायला लागतं. चाळिशीच्या आतच त्याला बीपीची गोळी लागली. मी फोनवर त्याला किडनीचं सांगितलं आणि विचारलं, तुला ते सगळं आठवतं का. तो म्हणाला, "तायडे, उगाच काहीतरी उकरून काढू नको. बाबांनी आपल्यावर कधी हात उचलला नाही. आईने कधी आवाज चढवला नाही. किती जणांचं लहानपण असं असतं?" हे खरंच होतं. आवाज चढवायची सोयच नव्हती आमच्याकडे.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाबा आमच्याकडे, रत्नागिरीतल्या नाचणे भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये असतात. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात, कान अजून तिखट आहेत. नवरा लांज्याच्या शाळेत शिकवतो, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. घरात बाबा, मी आणि मुलगी.

मुलीच्या बाबतीत मी डोळ्यांत तेल घालून राहिले. पाण्याची मोठी बाटली दिली. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटले, तास चालू असला तरी मुलीला बाथरूमला सोडत चला म्हणून सांगून आले. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की पहिला प्रश्न, "गेली होतीस का?" ती "आई, प्लीज," म्हणून कानांवर हात ठेवायची. मला वाटलं, जिंकलो आपण. डॉक्टरांनी जिथे बोट ठेवलं होतं तेवढीच जागा मी पुसत बसले होते.

दिवाळीच्या सुमाराला माझी तब्येत बिघडली. पायांवर सूज, जेवण जाईना, रात्रीची झोप उडाली. डॉक्टरांनी तीन महिन्यांची रजा घ्यायला लावली आणि दुपारी झोपायचंच असं बजावलं. मी जन्मात कधी दुपारी झोपले नव्हते. दुपार म्हणजे जागं राहून दुसऱ्याची झोप राखायची वेळ, असंच माझ्या अंगात भिनलेलं. पण त्या दिवसांत एक वाजला की माझे डोळे आपोआप मिटायचे आणि मी मेल्यासारखी झोपायची.

मुलीची दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस होते. मी सव्वाचारला उठले आणि बाहेरच्या खोलीत आले. मुलगी चटईवर कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेतलेले, टॉवेलचं टोक दातांत. बाबा खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले होते आणि वर्तमानपत्राने तिला वारा घालत होते. मला बघून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

"उठलीस? पोरीच्या पोटात दुखतंय गो. सकाळपासना दुखतंय म्हणते."

मी तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसला. पोट लाकडासारखं कडक. तिने डोळे उघडले आणि टॉवेल तोंडातून काढून म्हणाली, "झोप झाली तुझी?"

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, दीड-दोनच्या सुमाराला फुटलं असणार, पोटात सगळीकडे पू झालाय. नंतर मुलीने सांगितलं त्यावरूनही तसंच दिसत होतं. जेवणानंतर फार दुखत होतं, मग एकदम थांबलं, तिला वाटलं आपण बरे झालो. त्यानंतर जे सुरू झालं ते तिने अडीच तास काढलं. मी आतल्या खोलीत, मधे एक भिंत, दार उघडं. हाक मारली असती तर मी तीन पावलांत पोचले असते.

ती अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती, पोटाला नळी लावलेली. पहिले दोन दिवस ती वाचते की नाही हे कुणी आम्हाला स्पष्ट सांगत नव्हतं. मी त्या दोन दिवसांबद्दल लिहू शकत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी तिचे केस विंचरत होते. मी विचारलं, "मला हाक का नाही मारलीस?"

"तू झोपली होतीस."

"मग उठवायचं. मी कधी तुला म्हटलंय का, मी झोपले की आवाज करू नको म्हणून?"

तिने जरा विचार केला. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. "म्हटलं नाहीस," ती म्हणाली. "पण आजोबा झोपले की तू कशी चालतेस. डब्यांच्या खाली फडकं घालतेस. नळ बारीक सोडतेस. मला वाटलं, झोपलेल्या माणसाशी असंच वागायचं असतं." मग छताकडे बघत म्हणाली, "आणि पप्पा म्हणाले होते, आईची झोप झाली नाही तर दुसरी किडनीपण जाईल."

नवरा तसं म्हणाला होता, हे त्याने कबूल केलं. त्याला काय कळणार त्यात वाईट काय ते. मुलीने आईला जपावं म्हणून कुठलाही बाप जसं सांगेल तसं त्याने सांगितलं होतं. मी फणी पिशवीत ठेवली आणि वॉर्डाबाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या आईने मला जे सांगितलं होतं तेच माझ्या मुलीला सांगितलं गेलं होतं, आणि या खेपेला झोपणारी मी होते. मला आईचा इतका राग आला की ती समोर असती तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. आणि ती समोर असती तर मी काहीच बोलले नसते हेही मला माहीत होतं.

बाबांशी मी आठ दिवस बोलले नाही. ते रोज नवऱ्याबरोबर सकाळी हॉस्पिटलला यायचे, नातीच्या हातात दोन सीताफळं ठेवायचे, जी तिला खायची नव्हती, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "पोर गुणी हाय. एवढं दुखलं, हूं की चूं केलं नाय." तीनदा ऐकलं, चारदा ऐकलं. आठव्या दिवशी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"बाबा, तुम्ही तिथे बसला होतात. तुम्ही मला का नाही उठवलंत?"

"तुला झोप लागली होती गो. किती रात्री तुला झोप नव्हती. म्हटलं, पडूदे जरा. ओवा दिला मी तिला."

"तिचा जीव जात होता."

"मला काय ठाऊक एवढा झाला असेल. ती काय बोलली नाय."

"ती बोलणार कशी?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, बाकावरची माणसं वळून बघायला लागली, आणि मला थांबता येईना. "आम्ही तुमच्यासाठी मुतायला जात नव्हतो, बाबा. तुमची झोप मोडेल म्हणून. मी वर्षानुवर्षं दाबून बसले. माझी किडनी त्याने गेली. आणि तिला तुम्ही सांगता, गुणी हाय."

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं त्यांना कळलंच नसेल.

"मला झोप लागायची नाय," ते म्हणाले.

"काय?"

"दिवसाची. कधीच नाय लागली मला. एखाददुसरा तास, बस. नुस्ता पडून असायचो." ते सावकाश बोलत होते, कुणाला तरी रस्ता सांगावा तसे. "तुझ्या आयशीने घर एवढं गप्प ठेवलेलं असायचं. पोरापण गप्प. म्हटलं, आता मी उठून बाहेर गेलो तर हिला वाईट वाटेल, एवढं हिने केलंन ते फुकट गेलं म्हणून. मग चार वाजेपर्यंत पडून राहायचो. मलापण जायचं असायचं की संडासला. मी पण धरून ठेवायचो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही झोपलेले असायचा असं वाटायचं मला. एवढं गप्प घर. पोरांची झोप मोडेल म्हटलं."

साडेनऊ ते चार, भिंतीच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं, सगळे टक्क जागे. कुणाचीच झोप मोडण्यासारखी नव्हती. मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता, निदान कीव तरी. मला फक्त दमायला झालं, पायऱ्या चढून वर यावं आणि वरचं दार कुलूपबंद निघावं तसं. मी उठले आणि मुलीच्या ड्रेसिंगची वेळ झाली होती म्हणून आत गेले.

मुलगी घरी आली. जखम भरली, शाळा सुरू झाली, वजनही परत आलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे. मी तिला ओरडायला शिकवायचं ठरवलं. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण आमच्या घरात ते शिकवायलाच लागणार होतं. ती शाळेतून आली की मी डोळे मिटून पडायची आणि ती दारात उभी राहून मला हाक मारायची. पहिल्या दिवशी ती हसतच सुटली. दुसऱ्या दिवशी "आई" म्हणाली, ते मलाच जेमतेम ऐकू आलं. मी म्हटलं, अजून जोरात. तिने तोंड उघडलं, मान ताणली, गळ्याची शीर फुगली आणि आवाज तेवढाच. बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले, "मार गो, खणखणीत मार." तेही त्यांच्या परीने झटत होते. दुपारभर रेडिओ मोठ्याने लावायचे, काठी मुद्दाम फरशीवर आपटत चालायचे, एकदा तर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दोन पातेली एकमेकांवर आपटली आणि आम्ही दोघी मायलेकी एकाच वेळी दचकून उठलो. शेजारचे विचारून गेले, काय चाललंय म्हणून.

महिनाभर रोज हे केलं. तिचा आवाज थोडा वाढला. मैत्रिणींत ती खेळते तेव्हा बाल्कनीतून मला तो ऐकू येतो, चांगला मोठा आहे. मग मला वाटायला लागलं, सुटेल ही यातून.

परवा दुपारी मला खरंच गाढ झोप लागली. आपोआप जाग आली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते, खोलीतलं ऊन सरकून कपाटापर्यंत गेलं होतं. मुलगी पलंगाशी उभी होती, शाळेच्या कपड्यांतच, दोन्ही हातांत कप धरून. अंग अजिबात हलू न देता ती उभी होती.

"कधीची उभी आहेस?" मी विचारलं.

"आत्ताच आले," ती म्हणाली.

मी उठून बसले आणि तिच्या हातातून कप घेतला. चहा थंडगार झाला होता आणि त्यावर जाड साय धरली होती. मी तो तसाच पिऊन टाकला.